डाव्या पायाचं काम

दर रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याचे दोन मित्र आमच्याकडे येतात आणि गाड्यांवरून एकमेकांच्या उरावर बसतात. एक दातांचा डॉक्टर आहे. दुसरा विमा कंपनीत आहे, पण एकदा बोलायला लागला की त्याला आवरता येत नाही, म्हणून त्याचं नाव टर्बो. माझ्या नवऱ्याला ते उस्ताद म्हणतात. त्यांच्या या जगाशी माझा संबंध बसण्यापुरता. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते.

त्या रविवारी तिघांचंही डोकं फिरलं होतं. ज्या नव्या गाडीसाठी डोळे लावून बसले होते, तिची माहिती अखेर आली होती. मोठं, दमदार इंजिन हवं असेल तर ऑटोमॅटिकच घ्या. हाताने गिअर टाकायचे असतील तर बारकं इंजिन. डिझेलचं तर नावच नाही.

"म्हणजे ताट वाढायचं आणि हात बांधायचे!" टर्बो ओरडला.

"हात नाही, पाय," दातांचा डॉक्टर म्हणाला. "ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नसतं. नुसता पडून असतो बिचारा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सगळ्यांत मोठ्याने हसला. "ऑटोमॅटिक म्हणजे लिफ्ट रे. बटण दाबायचं आणि उभं राहायचं. त्याला काय चालवणं म्हणतात?"

तो हसत होता तेव्हा त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटून पार खुर्चीच्या मागे गेली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी वाकून ती पुन्हा त्याच्या पायात सरकवली. तेही त्याला कळलं नाही.

मज्जातंतूंच्या डॉक्टर बाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. पायातली गेलेली जाणीव परत येणार नाही, क्लचची गाडी चालवू नका. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला होता, "या दोघांना कळता कामा नये." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेऊन मुलीला शाळेत सोडायला निघाला होता. मी किल्ली लपवली, भांडले, रडले, अबोला धरला. "मला अंदाज आहे," एवढंच त्याचं उत्तर. मुलगी मागच्या सीटवर बसते. त्या सीटचं कव्हर मी शिवलंय, तिच्या आवडीच्या निळ्या दोऱ्याने. गाडी फाटकाबाहेर पडली की ती शाळेत पोचल्याचं कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

म्हणून मी नवी गाडी घ्यायचा हट्ट धरला. ऑटोमॅटिक घे, पोरीला खुशाल कुठेही ने. "बघू," तो म्हणाला. त्याचं "बघू" म्हणजे काय ते मला लग्नापासून माहीत आहे. त्याच रविवारी शोरूमला जायचं ठरलं, तर हे दोघे शेपटासारखे बरोबर आले.

शोरूममधल्या मुलीने विचारलं, "आधी कोणती चालवून बघणार?" टर्बोने परस्पर सांगून टाकलं, "गिअरची. उस्तादांना दुसरी दाखवूसुद्धा नका." मुलीला दुसरं गिऱ्हाईक होतं. तिने किल्ली दिली आणि समोरच्याच रस्त्याने एक फेरी मारून या म्हणाली.

यांचा एक जुना खेळ आहे. एकाने गाडी चालवायची, बाकीच्यांनी मागे बसून डोळे मिटायचे आणि कितवा गिअर पडला ते नुसत्या आवाजावरून आणि धक्क्यावरून सांगायचं. दोघेही मागे बसून शहाण्या मुलांसारखे डोळे मिटून तयार झाले. पुढे नवऱ्याशेजारी मी. त्यामुळे उघड्या डोळ्यांची मी एकटीच होते.

त्याने गुडघ्यावर पँटचं कापड मुठीत धरलं, पाय उचलला आणि एखादी पिशवी ठेवावी तसा क्लचवर ठेवला. वरून हाताने गुडघा दाबला, गिअर टाकला आणि हळूहळू दाब सोडला. गाडी निघाली. मग त्याने पाय तसाच उचलून खाली चटईवर ठेवून दिला.

"पहिला," टर्बो म्हणाला. "आता दुसरा."

"दुसरा कधी पडला?" दातांच्या डॉक्टरने भुवया उंचावल्या. "धक्काच नाही."

तिसरा पडला, चौथा पडला. दर वेळी तो इंजिनाच्या आवाजाकडे कान लावायचा, उजवा पाय किंचित सैल करायचा आणि नेमक्या क्षणी गिअर सरकवायचा. डावा पाय चटईवरून हललाच नाही. रोज सकाळी माझ्या मुलीला तो असाच नेत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अरे, हा क्लच दाबतच नाहीये!" दातांचा डॉक्टर डोळे मिटूनच किंचाळला. "आवाज जुळवून गिअर टाकतोय! नव्या गाडीत, पहिल्याच फेरीला!"

"उस्ताद!" टर्बोने मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली. "आणि म्हणे ऑटोमॅटिक घ्या!"

नवऱ्याचा चेहरा फुलला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्या दोघांचा. ज्याने माझी झोप उडाली होती, त्याला हे टाळ्या देत होते.

पुढे सिग्नल लाल झाला. त्याने गिअर न्यूट्रलला आणून गाडी थांबवली. हिरवा झाल्यावर पुन्हा गुडघा उचलला, पाय क्लचवर ठेवला, पहिला गिअर टाकला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आमच्या पुढून घाईने रस्ता ओलांडू लागले. नवऱ्याने ब्रेककडे पाय नेला आणि त्याच वेळी डावा पाय क्लचवरून घसरला. गाडीने उसळी घेतली आणि बंद पडली. म्हाताऱ्यांचा एक हात आमच्या बॉनेटवर टेकलेला होता. ते काचेतून आत बघत होते, माझ्याकडे. मग काठी सावरून निघून गेले.

"क्लच फार वर धरतोय हिचा," टर्बो म्हणाला. "कंपनी मुद्दाम असं करते, म्हणजे लोक ऑटोमॅटिक घेतील."

"हो ना," नवरा म्हणाला. "क्लच वाईटच आहे."

परत येईपर्यंत कोणी खेळ खेळला नाही.

शोरूममध्ये त्या मुलीने विचारलं, "मग कोणती लिहू?"

"विचारायचं काय त्यात?" टर्बो म्हणाला.

"ऑटोमॅटिक," मी म्हटलं. "मला चालवायची आहे. मला क्लच जमत नाही."

दोघे खदाखदा हसले. "वहिनी, उस्तादाच्या घरात राहून?" टर्बोला तर भरतं आलं. "बायकोपायी लिफ्टमन होणार बघा आमचा उस्ताद!"

मला गाडी त्यानेच शिकवली. पार चढावर, हँडब्रेक न लावता. तेव्हा गाडी एक बोटभरही मागे गेली नाही म्हणून त्याने आठवडाभर सगळ्या नातेवाइकांचे कान किटवले होते. आता तो टेबलावरच्या गाडीच्या चित्राकडे बघत गप्प बसला होता. हसू दे त्यांना, मी मनात म्हटलं, पण तू गप्प बसतोस याची मला लाज वाटते.

"तिला जमतं," तो म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. टर्बोचं चालूच होतं.

"तिला जमतं रे," तो मोठ्याने म्हणाला. "मला जमत नाही. गाडीचा क्लच चांगला आहे. माझा पायच पडून असतो. बिचारा."

टर्बो पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडून थांबला. दातांचा डॉक्टर खाली वाकला आणि त्याने नवऱ्याच्या डाव्या बुटाचं टोक अंगठ्याने जोरात दाबलं. "लागतंय?"

"दाबलंस का?" नवऱ्याने विचारलं.

दातांचा डॉक्टर बराच वेळ वर बघेना.

बाहेर आल्यावर नवऱ्याने आमच्या जुन्या गाडीची किल्ली मी न मागता माझ्या हातात ठेवली आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. चालवायची त्याची सीट उजव्या बाजूला दबून गेली होती. डावं अंग सांभाळत बसणाऱ्याची सीट अशी दबते, हे मला कामामुळे ठाऊक होतं. त्या खळग्यात बसून मी गाडी सुरू केली. मी शेजारी बसले की जमिनीवर ब्रेक दाबते, म्हणून तो मला आयुष्यभर हसत आला. आज तो डोळे मिटून बसला होता.

"दुसरा," तो म्हणाला. "आता तिसरा घे."

मी क्लच दाबला. तिकडे त्यानेही दोन्ही हातांनी आपला डावा गुडघा दाबला. मी चौथा घेतला तेव्हा त्याने पुन्हा दाबला. घरी पोचेपर्यंत दर गिअरला तो दाबत राहिला.