निर्लेखन चालू आहे

आमच्या धामणगाव बढ्याच्या वाचनालयात दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत वाचक येतात, पेपरातलं राशिभविष्य वाचतात आणि जातात. मागच्या खोलीत सरकार राहतं. म्हणजे राजपत्रं, अहवाल, जनगणनेचे खंड, परिपत्रकांचे गठ्ठे. सरकार छापतं, पोस्टमन आणून टाकतो, आम्ही शिक्का मारतो. वाचायची जबाबदारी कोणावरच नाही. पर्जन्यमानाचा एक जुना अहवाल तर उंदरांनीसुद्धा कोपरा चाखून सोडून दिला.

मी तिथला शिपाई, सहायक आणि पंखा दुरुस्त करणारा. माझं नाव प्रेम. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी "प्रेम, झाडू मार" असं ऐकू येतं आणि नवीन वाचक दचकतात.

मागच्या खोलीवर समताचा डोळा होता. समता म्हणजे दयाराम गिरणीवाल्याची पोरगी. घर एका खोलीचं आणि घरापुढेच पिठाची गिरणी. लाईन असली की गिरणी चालते, लाईन गेली की अंधार. उजेड आणि शांतता त्या घरात कधी एकत्र आलेच नाहीत. तलाठी भरतीची परीक्षा वर्षाअखेरीस होती. या वेळी नाव लागलं नाही तर गुपचूप गिरणीवर बसायचं, असं बापलेकीत ठरलं होतं.

तिने अर्ज दिला: मागची रद्दी काढा, तिथं अभ्यासाला टेबल टाका.

आमचे अध्यक्ष रामराव गुरुजी, मराठीचे निवृत्त मास्तर. अर्ज वाचून ते शहारले.

"रद्दी? सरकारी कागदाले रद्दी म्हणते तू? वरून लेखी आल्याबिगर एक पान हलणार नाई."

"मंग रद्दीच्या बाजूले बसू द्या, गुरुजी."

"बाहेरच्या माणसाले तिथं बसता येत नाई."

गुरुजींनी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं तोवर आपण काय विचारलं होतं हे आम्ही विसरलो होतो. उत्तरात एकच ओळ होती: ‘सदर दस्तऐवजांचे निर्लेखन करून अहवाल सादर करावा.’

"झालं की!" समता म्हणाली. "नोंदीतून कमी करा अन् मोडीत काढा, असं म्हणून राह्यले ते."

गुरुजींनी चष्मा पुसला. "प्रेम, निर्लज्ज म्हंजे काय बे?"

"लाज नसलेला."

"निर्जल?"

"पाणी नसलेलं."

"मंग निर्लेखन?"

"लेखन नसलेलं."

आयुष्यात गुरुजींना मी दिलेलं हे एकमेव बरोबर उत्तर, आणि तेही चुकीचं होतं.

"पाह्य!" गुरुजी उजळले. "कागद ठेवायचा, लेखन काढायचं. कोरा झाला की सरकार त्याच्यावर पुन्हा छापते. काटकसर आहे ही."

"तसं नसते हो, गुरुजी..." समता म्हणाली.

"मराठी मी शिकवली का तू?"

दुसऱ्या दिवशी मी खोडरबरांचा डबा आणला. छापील शाई खोडरबराने जात नाही, कागद जातो. म्हणून एक राजपत्र बादलीत भिजवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्याचं पिठलं झालं. गुरुजींनी बोट घालून तपासलं. "लेखन गेलं हे खरं. पण कागदही गेला. पाणी बंद." पिठलं सरकारी असल्यामुळे फेकता येईना. डब्यात भरून वर शिक्का मारला.

समता हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "गुरुजी, हे काम मी करते. पैसे नको. टेबल, लाईट अन् खोलीची चावी द्या."

गुरुजींना भरून आलं. दारावर पाटी लागली: ‘निर्लेखन कक्ष. आत काम चालू आहे.’

आत काम खरंच चालू होतं. समोर राजपत्र, त्यावर तलाठी भरतीचं पुस्तक, हातात खोडरबर. पाऊल वाजलं की पुस्तक खाली, खोडरबर वर. पंचायत राजचं अख्खं प्रकरण पाठ होईपर्यंत सरकारचा एक ‘परंतु’ पुसला गेला.

मग तपासणीला वरच्या ऑफिसातून जयमाला मॅडम आल्या.

"हे काय चाललंय?"

"निर्लेखन," गुरुजी छाती काढून म्हणाले.

मॅडमनी खोडरबर पाहिला. मग शिक्का मारलेल्या डब्यात वाकून पाहिलं. "आणि हे?"

"राजपत्र."

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांची अडचण मला दिसत होती. खरा अर्थ सांगावा, तर पिठल्याची चौकशी लावावी लागणार. चौकशीची फाईल कायम जपायची असते, आणि जपायला ती याच खोलीत येणार. शिवाय मोताळ्याची बस निघायच्या बेतात होती. फॉर्मात दोनच चौकोन होते, ‘पूर्ण’ आणि ‘चालू’. त्यांनी ‘चालू’वर खूण केली आणि जाता जाता म्हणाल्या, "जरा लवकर संपवा."

तेवढंच गुरुजींच्या डोक्यात बसलं. "प्रेम, सोमवारी शाळेतले पोट्टे आन. आख्खा वर्ग इथंच बसवू. हप्त्याभरात खोली कोरी!"

समताचं तोंड उतरलं. आख्खा वर्ग म्हणजे बापाची गिरणी परवडली. तिने समोरच्या अहवालाची पानं चाळली. मग तिने तो गुरुजींपुढे सरकवला.

"एक शंका होती. इथं ‘सुचना’ छापलं. सु ऱ्हस्व. हे असंच पुसू का आधी दुरुस्त करू? नाही म्हंजे, चूक तशीच पुसली तं ती कायमची चूकच राह्यली ना."

गुरुजींनी अहवाल डोळ्यांजवळ नेला. हा माणूस लग्नपत्रिका दुरुस्त करून परत पाठवतो, मगच आशीर्वाद देतो. त्यांनी खुर्ची ओढली.

"पोट्टे नको आनू बे. त्याइले काय कळते? तपासल्याबिगर एक अक्षर पुसायचं नाई. अन् इथं कोणी आवाज करायचा नाई. लाल पेन दे."

दुपारी चहा घेऊन गेलो, तर गुरुजी अजून मंत्रिमहोदयांच्या मनोगतावरच होते. पान लालभडक झालं होतं. खाली गुण दिले होते: पस्तीसपैकी नऊ.

"पुसू काय हे?" मी विचारलं.

"थांब बे. पुन्हा एकदा वाचतो. एखादा गुण वाढवता येते काय पाहतो."

समताने मान वर न करता चहाचा कप घेतला, जनगणनेच्या खंडावर ठेवला आणि पुढचं पान उलटलं.