मिठागरातलं लाल पाणी

खाडीकाठच्या एका गावात, ग्रामपंचायतीत हेमाली म्हात्रे लिपिक म्हणून लागली त्याला सहा वर्षं झाली होती. कामाला चोख, हाताला जलद. दाखल्यासाठी आलेला माणूस तिच्या टेबलावरून सहसा रिकाम्या हातानं परत जात नसे. फक्त मुंबईहून येणाऱ्या एका प्रकारच्या कागदांना तिच्या लेखी किंमत नव्हती. विज्ञानाची व्याख्यानं, चित्रांची प्रदर्शनं, दुर्बिणीतून तारे दाखवण्याचे कार्यक्रम. 'सर्वांसाठी खुले, प्रवेश मोफत, कृपया फलकावर लावावे' असं छापलेली पत्रकं ती न वाचताच खणात सारायची. असा एखादा खण आपल्याही कचेऱ्यांत असतोच, नाही का?

जानेवारीतल्या एका गुरुवारी सोनाबाई पाटील हयातीचा दाखला घ्यायला आली. वय चौसष्ट. त्यातली चाळीस वर्षं मिठागरात राबण्यात गेलेली. पायांच्या भेगा अजून बुजल्या नव्हत्या. हेमाली शिक्का शोधत होती, तेवढ्यात सोनाबाईची नजर टेबलावरच्या ताज्या पत्रकावर पडली.

"ह्यो तर मिठाचा ढीग! आमच्या मिठाचा फोटो कशाला काढलाय गो?"

"काकी, मुंबईला प्रदर्शन आहे. मिठाचं विज्ञान आणि मिठागरांची चित्रं. शनिवार-रविवार."

"मंग बोर्डावर न्हाय लावलंस?"

हेमाली हसली. "इथून कोण जाणार? ते शिकल्यासवरलेल्यांचं काम."

सोनाबाई खुर्ची ओढून बसली. "बाय, मना वाचता येत न्हाय, पन त्या कागदावर काय लिवलंय ते तूच वाच." हेमालीनं 'सर्वांसाठी खुले' वाचून दाखवलं. "सर्वांसाठी, व्हय ना? मंग त्या सर्वांतून आमाला कुनी काढलं? त्यांनी, का तू?"

हेमालीनं पत्रक पुन्हा समोर ओढलं.

"मना एक विचारायचंय त्यांना," सोनाबाई म्हणाली. "मीठ बसायच्या आदी आगरातलं पानी लाल व्हतं. का व्हतं? सासू सांगायची, आपल्या पायांचं रगत उतरतं त्यात. चाळीस वर्सं मी तेच धरून चालले. मुकादमाला विचारलं, तो हसला. मास्तरांना विचारलं, त्यांना ठाव नव्हतं. मरायच्या आदी कळलं तर बरं."

त्या शेवटच्या वाक्यानं हेमालीचा हात फोनकडे गेला. पत्रकावरचा नंबर लावला. मराठीत समजावून सांगतील का, नावनोंदणी लागते का, दार किती वाजता बंद होतं, सगळं विचारलं. पलीकडची बाई आनंदून म्हणाली, "या, जरूर या! खाडीपलीकडे आम्ही दर वेळी पत्रकं पाठवतो. पण तिकडून आलेला हा पहिलाच फोन."

हेमालीनं फोन ठेवला. पत्रकं कुठे जात होती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

रविवारी सकाळी दोघी मांडव्याहून बोटीनं गेटवेला उतरल्या आणि विचारत विचारत त्या सभागृहापाशी पोचल्या. दारात काचा, आत पांढऱ्या भिंती. सोनाबाईचं नऊवारी आणि उघडे पाय पाहून पहारेकरी पुढे झाला. "माताजी, किधर जाना है? किससे मिलना है?"

हेमालीची कानशिलं तापली. तोंडावर आलेले कडक शब्द मात्र तिथेच विरले. या बिचाऱ्यानं निदान विचारलं तरी! आपण तर न विचारताच अख्ख्या गावाला दारातून परत पाठवत होतो.

"मिठाला भेटायला आलोय," सोनाबाई म्हणाली, आणि सरळ आत गेली.

पहिल्या दालनात मिठागरांची मोठी चित्रं होती. एकापुढे सोनाबाई बराच वेळ उभी राहिली. टोपली घेतलेल्या बायांची रांग, मागे मावळतीचा उजेड. "चांगलं काढलंय," ती म्हणाली. "पन ही बाय नवी हाय. मुरलेली बाय टोपली अशी धरत न्हाय, मान मोडंल." शेजारी उभा असलेला चित्रकार केतन ते ऐकून पुढे आला आणि टोपली कशी धरतात ते तिला विचारून वहीत रेखाटू लागला.

दुसऱ्या दालनात डॉक्टर कल्पिता नावाची तरुण शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती. सोनाबाईनं आपला प्रश्न विचारला. सासूचं उत्तरही सांगितलं. हसायला तयार असलेले दोघे-तिघे ते ऐकून जवळ सरकले.

कल्पितानं लालसर पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला. "आजी, या इथे बघा. हे जीव आहेत. इतक्या खारट पाण्यात दुसरं फारसं काही जगत नाही, हे मात्र वाढतात. त्यांचाच हा रंग. उलट या रंगामुळे पाणी ऊन जास्त धरतं, लवकर आटतं. मीठ लवकर बसायला त्यांची मदत होते."

सोनाबाई भिंगाला डोळा लावून उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. मागची रांग वाढली, पण कुणी घाई केली नाही.

"म्हंजे रगत नव्हतं ते!" ती भिंगावरून डोळा काढत म्हणाली. "मजूर व्हते! आमच्यासंगं कुनीतरी राबत व्हतं आनि आमाला ठावच न्हाय!"

मग बोलण्याची पाळी तिची होती. लाली कोणत्या महिन्यात चढते, वारा पडला की दाणा कसा मोठा बसतो, पावसाचे शिंतोडे पडले तर आगर कसं सावरायचं. कल्पिता भराभरा लिहून घेत होती. हेमाली बाजूला उभी होती. जिला आपण 'कोण जाणार?' म्हणालो, तिच्यापुढे एक शास्त्रज्ञ विद्यार्थिनीसारखी बसली आहे! अभिमानानं तिचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी मान खाली गेली.

सोमवारी तिनं खण रिकामा केला. चौतीस पत्रकं निघाली. एकतीस कार्यक्रम कधीच होऊन गेले होते. त्यांतल्या कुठल्या कार्यक्रमात गावातल्या कुणाच्या प्रश्नाचं उत्तर होतं, ते आता कोण सांगणार? उरलेली तीन तिनं फलकावर लावली. प्रत्येकाखाली आपल्या अक्षरात लिहिलं: बोट किती वाजताची, उतरून किती चालायचं, मराठीत सांगतात की नाही, परतीची शेवटची बोट कोणती. खाली आणखी एक ओळ: 'काही विचारायचं असेल तर मला विचारा. मला माहीत नसेल तर मी फोन करीन.'

पुढच्या कार्यक्रमाला नऊ जण गेले. त्यात अंगणवाडीची कोकिळा होती, ट्रकवाला चंदर होता, त्याची दोन्ही मुलं होती. पाडव्यानंतर पाणी लाल झालं, तेव्हा कल्पिता आणि तिचे सहकारी सूक्ष्मदर्शक घेऊन गावच्या मिठागराच्या बांधावर आले. या वेळी समजावून सांगायला सोनाबाई उभी होती, आणि पोरं रांगेत होती.

बंधू-भगिनींनो, ज्ञान आणि कला ही कुणा एका शहराची मिरास नाही. शहरात दारं उघडी असतात, पण ती उघडी आहेत ही बातमी माणसानंच माणसाला द्यायची असते. आपल्या हाती आलेली अशी बातमी दाबून ठेवणं म्हणजे दुसऱ्याचं दार परस्पर लावून टाकणं होय. आणि कोणाला काय समजेल, हे आपण कोण ठरवणार? आपण फक्त सांगावं. प्रश्न ज्याचा त्याच्यापाशी असतोच.