बंदरावरच्या माणसाची बहीण

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की बेकरीच्या वरच्या खोलीत सिनेमावाली मंडळी जमायची. सिनेमा तिथे बघायचा नसे. तो आपापल्या घरी बघून यायचा आणि इथे येऊन बोलायचं. निवड पाळीपाळीने. नियम एकच, तोही बेकरीवाल्याने घातलेला: सिनेमा चांगला की वाईट हे कुणी सांगायचं नाही, त्यासाठी जग पडलंय. बघताना आपलं काय झालं, तेवढंच बोलायचं.

मंडळी मोजकीच. बेकरीवाला, दातांचे डॉक्टर, कोपऱ्यावरच्या दुकानातली टेलरताई, भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर आणि मॅडम. मॅडम म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाली. शहरातली निम्मी माणसं तिच्याकडे गाडी शिकली होती आणि उरलेली तिचा आवाज ऐकूनच रस्त्याच्या कडेला व्हायची. तिच्या तोंडाला फाटक नाही, असं तिचा नवरा म्हणे. ती म्हणे, "फाटक लावून बसले असते तर आजवर शंभर जण भिंतीवर आदळले असते."

त्या महिन्यात पाळी सरांची होती. सरांची बायको नर्स होती. ती वारल्यानंतरची त्यांची ही पहिलीच पाळी. त्यांनी एक जुना, संथ सिनेमा सांगितला. एका छोट्या बंदरावर जाळी विणणारा एक माणूस. त्याची प्रेयसी बोटीने निघून जाते, येईन म्हणते. तो रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभा राहतो. वर्षं जातात, केस पांढरे होतात, ती काही येत नाही. शेवटी तो रिकाम्या बोटीकडे बघून हात हलवतो आणि सिनेमा संपतो.

"हिच्याबरोबर खूपदा पाहिलाय," एवढंच सर म्हणाले. पण तेवढ्याने सगळ्यांना काय ते समजलं.

दुसऱ्याच दिवशी टेलरताईचा फोन आला. "या खेपेला जरा सांभाळून हं, मॅडम. माणूस एकटा पडलाय."

"मी काय त्यांना खाणार आहे का?"

"खाणार नाही, पण चावाल."

मॅडमने सिनेमा पाहिला तो आत्याशेजारी सोफ्यावर बसून. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची धाकटी बहीण. मॅडम आणि तिचे दोघे भाऊ लहान असताना आई गेली, आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडून आत्या त्यांच्या घरी आली ती कायमचीच. तिघांना तिनेच वाढवलं. आता ती मॅडमकडे असायची. सिनेमा संपला तेव्हा आत्या डोळे पुसत होती आणि मॅडम स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

"काय गं, काय झालं?" आत्याने विचारलं.

"डोकं फिरलं माझं."

"मग भांड्यांवर कशाला राग काढतेस? त्यांनी नाही काढला सिनेमा."

रविवारी निघताना नवऱ्याने दारातच अडवलं. "हे बघ, दोन गोड शब्द बोलायचे आणि परत यायचं. तुझं काय जातंय?"

"बघते," मॅडम म्हणाली. आणि खरंच, जिना चढेपर्यंत तिचा विचार गप्प बसायचाच होता.

सुरुवात डॉक्टरांनी केली. आपण रात्रभर अस्वस्थ होतो, अशी निष्ठा आता राहिली नाही, तो हात हलवतो तेव्हा आपल्या पोटात कालवलं, असं बरंच काही ते बोलले. टेलरताई म्हणाली, मला रडू आवरेना, उशी भिजली. बेकरीवाला पहाटे उठणारा माणूस, तो मान खाली घालून म्हणाला, "मला फार शांत वाटलं." तो मधेच झोपला होता हे मॅडमने ताडलं, कारण डॉक्टर शेवटाचं बोलत होते तेव्हा तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा बघत होता.

सर ऐकत होते. प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होते. मॅडम त्यांच्याकडे बघत होती. साठी उलटल्यावर सर तिच्याकडे गाडी शिकले होते, त्यामुळे त्यांचं अंग कधी आखडतं हे तिला पाठ होतं. खांदे वर, हात मांड्यांवर घट्ट. वर्गातल्या पोरांनी पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हणावीत आणि शिक्षकाने खिडकीबाहेर बघावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. स्तुती वाढत गेली तसे ते खुर्चीत खचत गेले.

'ह्या माणसाला हे नकोय,' मॅडमच्या मनात आलं. मग नियम कशासाठी केलाय?

"मॅडम, तुमचं?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मला राग आला," ती म्हणाली.

टेबलाखालून टेलरताईची लाथ बसली. मॅडमने पाय बाजूला घेतला.

"त्या माणसाचा राग आला. आणि त्याला निष्ठावान म्हणणाऱ्यांचा जास्त. त्याच्या घरात एक बहीण आहे, पाहिलीत का कुणी? तिला नाव नाही, दोन वाक्यं नाहीत. हा धक्क्यावर उभा राहतो कारण घरी चूल ती पेटवते. ह्याचा शर्ट ती धुते. त्याच शर्टात हा वाऱ्यावर उभा राहिला की आपल्या पोटात कालवतं! माझी आई गेल्यावर माझे वडील व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. लोक म्हणायचे, काय प्रेम होतं बायकोवर! आणि माझी आत्या आम्हा तिघांना जेवू घालत होती, तिला कुणी काही म्हणायचं नाही. वाट बघत बसणं ही चैन आहे, सर. ती परवडायला घरात दुसरं कुणीतरी राबावं लागतं."

बोलून झालं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आपण नुकतीच बायको गेलेल्या माणसासमोर काय बोललो हे मॅडमलाही आता उमगलं. पण बोललेलं गिळायची तिला सवय नव्हती. ती ताठ बसून राहिली.

सरांनी टेबलावर थाप मारली. कप खणखणले.

"अगदी हेच!" ते म्हणाले. "म्हणजे, हे नाही. पण असंच! ही दरवेळी चिडायची. म्हणायची, हा बोटीत बसून तिच्याकडे जात का नाही? बोट काय नुसती येते? जाते सुद्धा! मी म्हणायचो, तुला त्यातली कविता कळत नाही. ती म्हणायची, कविता राहू दे, तिकीट काढ म्हणावं त्याला. चहाचं गार पाणी व्हायचं, पण भांडण थांबायचं नाही."

"मग तुम्ही तोच सिनेमा पुन्हा पुन्हा का बघायचात?" टेलरताईने विचारलं.

"भांडायला!" सर म्हणाले. "ती गेल्यापासून सगळे माझ्याशी इतकं गोड बोलतात की मधुमेह व्हायचा एखाद दिवशी. मी काहीही म्हणालो तरी 'बरोबर आहे सर'. कुणी मला चूक म्हणत नाही. मला वाटलं, निदान हा सिनेमा दिला तर कुणीतरी चिडेल." ते मॅडमकडे वळले. खांदे खाली आले होते. "आता नीट सांगा. त्याने बहिणीला कधी राब म्हणून सांगितलं का?"

"न सांगता राबवून घेतात, तीच तर खरी कला!"

"ती स्वतःहून करते."

"मग त्याने स्वतःहून एक कप विसळायचा होता!"

असं जे जुंपलं ते तासभर चाललं. मधेच बेकरीवाल्याने कबूल केलं की आपण अर्ध्यातच घोरत होतो, आणि शांत वाटलं हे काही खोटं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, खरं सांगायचं तर मी दोन वेळा फोन बघितला. टेलरताई मात्र आपल्या भिजलेल्या उशीवर ठाम राहिली. "मला रडू आलं म्हणजे आलं. तुमच्या भांडणाने ते परत जाणार नाही."

उठता उठता सरांनी विचारलं, "तुमच्या आत्यांनी पाहिला का हो सिनेमा?"

"पाहिला. माझ्या शेजारीच बसून."

"काय म्हणाल्या?"

"रडली."

"कुणासाठी?"

"विचारलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे आरसा न बघताच गाडी वळवलीत," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी तिच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातला सूरसुद्धा हुबेहूब उतरला. सगळे हसले. मॅडमही हसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यात घरापर्यंत वाजत राहिलं.

आत्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. मॅडमने समोर बसून मूठभर शेंगा ओढल्या आणि तिथे काय झालं ते सगळं सांगितलं. आपण काय बोललो तेही, अक्षरशः. आत्याचे हात थांबले नाहीत.

"आत्या, तू रडलीस ती कुणासाठी?"

"त्या बहिणीसाठी."

"बघ! मी तेच म्हणत होते."

"थांब. तू सगळ्या गाड्या एकाच गिअरमध्ये चालवतेस." आत्याने एक वाटाणा तोंडात टाकला. "वाईट वाटून नाही रडले मी. भाऊ धक्क्यावर गेला की ती एकदा दार लावून घेते. खिडकीत पाय वर घेऊन बसते आणि सफरचंद खाते. आख्खं सफरचंद, एकटी. हसते सुद्धा. तू तेव्हा त्या माणसावर डोळे वटारून बसली होतीस. ते बघून मला माझ्या दुपारी आठवल्या. तुम्ही शाळेत, दादा बाहेर खुर्चीत. मी पडदे ओढायचे, रेडिओ लावायचे आणि नाचायचे."

"तू? नाचायचीस?"

"मग? घामाघूम होईपर्यंत."

मॅडमच्या हातातली शेंग तशीच राहिली. आपल्याला या बाईची इत्थंभूत माहिती आहे असं तिला आजवर वाटत होतं.

"आणि राग मलाही यायचा," आत्या म्हणाली. "नाही असं नाही. एकदा तर दादाला वाढलंच नाही. म्हटलं, भूक लागली तर पातेल्यापर्यंत चालत ये. आला. दोन दिवस आला बिचारा, मग पुन्हा बसला. नोकरी सुटल्याची चुटपुट आजही आहे. पण नाचले तेही मीच ना? तू माझी बाजू घेतलीस, बरं वाटलं. मात्र माझं आयुष्य असं दोन वाक्यांत गुंडाळून चार लोकांत वाटून आलीस, ते मला चालायचं नाही. पुढच्या खेपेला मी येणार. माझं मी सांगेन."

मॅडमला आधी झोंबलं. मग तिला हसू आलं, कारण हा ताठा आपण कुठून उचलला याचं उत्तर समोर वाटाणे सोलत बसलं होतं.

पुढच्या महिन्यात आत्या बेकरीचा जिना चढली ती वाटेत दोनदा थांबून, पण कुणाचा हात न धरता. सिनेमा टेलरताईच्या निवडीचा होता. तरी सरांनी आधी बंदरावरच्या सिनेमासाठी वेळ मागून घेतला. आत्याने सफरचंदाचं सांगितलं, रेडिओचं सांगितलं आणि दादाला न वाढल्याचंही सांगितलं.

"सफरचंद कुठे होतं हो?" डॉक्टर म्हणाले. टेलरताईने फोनवर सिनेमा लावला आणि सगळे तिच्या खांद्यावरून वाकले. पुढे-मागे करता करता ते सापडलं. माणूस रस्त्याने निघून जातो आणि त्याच्या मागे, घराच्या खिडकीत, ती बसलेली. पुरता श्वास घेईपर्यंत ते दृश्य निघूनही जातं.

सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"इतकी वर्षं आम्ही दोघंही धक्क्याकडेच बघत भांडलो," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "हिला हे दाखवायला हवं होतं."

"काय म्हणाल्या असत्या?" आत्याने विचारलं.

सरांनी डोळे पुसले. "म्हणाली असती, सफरचंद खा बाई, पण बोटीत बसून खा!"

आत्या खळखळून हसली. "मला आवडल्या असत्या त्या. भांडलो असतो आम्ही, पण आवडल्या असत्या."

मग टेलरताईचा सिनेमा निघाला. तो लग्नाचा, गाण्यांचा, शेवटी सगळं गोड होणारा. आत्याने सांगितलं की आपल्याला बघताना जांभया आल्या आणि नवरामुलगा अजिबात पटला नाही. सांभाळून बोला म्हणणारी टेलरताई लालबुंद झाली, खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "का पटला नाही ते सांगा, असं सोडणार नाही मी!" आणि दोघींची जुंपली. सर कधी हिच्या बाजूने तर कधी तिच्या बाजूने तेल ओतत होते.

निघायची वेळ झाली तेव्हा बेकरीवाल्याने विचारलं, "पुढची पाळी कुणाची?"

"माझी," आत्या म्हणाली. पाळी खरं तर डॉक्टरांची होती, पण त्यांची काही बोलायची छाती झाली नाही. "भुताचा बघू या एखादा. चांगला किंचाळायला लावणारा."

"मला भुताच्या सिनेमांची फार भीती वाटते हो," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

"लोकांच्या दाढा उपटता आणि भुताला घाबरता?" आत्या उठली आणि सरांना म्हणाली, "तुम्ही यांच्या घरी जाऊन बसा बघताना. तुम्हालाही सोबत होईल."

"चालेल," सर म्हणाले. "पण मी मधे मधे बोलतो, आधीच सांगून ठेवतो."

डॉक्टर म्हणाले, बोला, जितकं मोठ्याने बोलाल तितकं बरं. कधी यायचं, किती वाजता, यावर जिन्यातच त्यांचं बोलणं सुरू झालं. मॅडमला त्या दुपारी कुणी फारसं काही विचारलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटलंही नव्हतं. ती गाडी काढायला पुढे गेली.