टाकी, मधला, मागची

मोटारसायकलच्या मागच्या डावीकडच्या फुटरेस्टचं रबर टाचेच्या बाजूला पार झिजून आतलं लोखंड दिसायला लागलं होतं आणि उजवीकडचं मात्र अजून कोरं करकरीत, वरच्या रेघासुद्धा शाबूत — एकाच दिवशी बसवलेली जोडी, पण एक म्हातारं झालं आणि दुसरं तसंच राहिलं. काटेवाले वाकून ते बघत उभे राहिले. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा डोळ्यांवर, त्यामुळे भर सकाळी सगळं तिन्हीसांजेसारखं दिसत होतं, तरी तेवढं दिसलं. बायको कायम एका अंगाने बसायची, दोन्ही पाय डावीकडे. गाडीची उजवी बाजू तिने उभ्या आयुष्यात वापरली नाही. आणि इतकी वर्षं ही गाडी धुतली, पुसली, तेलपाणी केलं, पण हे कधी ध्यानात आलं नाही... कसं येणार, मी पुढे बसायचो. पुढे बसणाऱ्याला मागचं काय दिसतं.

"बाबा, बसताय ना?" मधल्याने हेल्मेटच्या आतून विचारलं. डोळ्यांच्या दवाखान्यासमोर रिक्षांची गर्दी झाली होती. काटेवाल्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला, डावा पाय झिजलेल्या रबरावर ठेवला, उजवा पाय कसाबसा सीटवरून पलीकडे नेला आणि बसले. टाकीवर बसलेल्या नातीने, भिंगरीने, आरशातून त्यांना जीभ दाखवली.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सगळी नोकरी ट्रकच्या वजनकाट्यावर गेली — रिकामा ट्रक आला की तोलायचा, तोच भरून आला की पुन्हा तोलायचा — तेव्हा ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं नाव घरापर्यंत आलं आणि घरातच मुक्कामाला राहिलं. 'मधला' हे नाव मात्र त्यांनी स्वतः ठेवलेलं. पोरं दोनच, थोरली आणि धाकटा. तरी धाकट्याला मधला म्हणतात म्हणून शेजारीपाजारी विचारायचे, तिसरं कुठंय हो? तिसरं कुठलं यायला. मोटारसायकलवर थोरली पुढे टाकीवर, मग हे, मग धाकटा आणि शेवटी त्याची आई. त्या दोघांच्या मध्ये चेपून जो बसायचा, तो मधला. त्याचं अर्धं बालपण बापाच्या शर्टाच्या पाठीकडे बघण्यात गेलं.

निघण्याआधी हजेरी व्हायची. गाडी चालू करून, क्लच दाबून धरून, मान न वळवता काटेवाले पुकारायचे — टाकी? हजर. मधला? "गुदमरलोय." मागची?... मागचीने कधी हजर म्हटलं नाही. ती पिशवी मांडीवर सावरायची, उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवायची आणि म्हणायची, "चला." ते 'चला' कानावर पडल्याशिवाय क्लच सोडायचा नाही, हा त्यांचा नेम. काट्यावरचा शिपाई हसायचा — मोटारसायकल चौघांची आणि थाट आगगाडीचा. हसू दे की. रस्त्यात माणूस विसरून जाणाऱ्यांपैकी आपण नव्हे.

आता टाकी दूर परदेशात, तिथे तिची स्वतःची मोटार आहे. मागची गेल्या थंडीत गेली. गाडी मधल्याला देऊन टाकली, आणि डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काटेवालेही मधल्याकडेच. आठवड्याभरासाठी म्हणून आले होते. हॉलमधल्या दिवाणाखाली त्यांची बॅग अजून तशीच आहे. रोज सकाळी तिच्यातून धुतलेला शर्ट काढायचा आणि वाळलेला घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायचा. सूनबाईंनी कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता. तो रिकामाच होता.

आणि आज सकाळी चहा पिताना मधला म्हणाला, "बाबा, त्या दातांच्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी येणारेत. तुमचं घर हवंय त्यांना, दवाखान्यासाठी. काय सांगू?" मग कपात बघत, "म्हणजे तुम्ही इथेच राहणार असाल तर."

असाल तर. पोराने नुसतं 'राहा' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काटेवाल्यांनी तेव्हा चहा संपवला, पण तो शब्द दातात अडकलेल्या सालपटासारखा सकाळभर बोचत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तिकडे तिचा पाट, तिची खिडकी, बंद घराचा तो वास... आणि इकडे नाव ठेवायला जागा नाही. सूनबाई वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घालतात. पंखा त्यांच्या मर्जीने फिरतो. सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात. ज्या घरात आपल्यावर कुणी खेकसत नाही, ते घर आपलं कसं म्हणायचं? एकदा तरी कुणी म्हणावं, बाबा, ओला टॉवेल दिवाणावर टाकू नका. कुणी म्हणत नाही. टॉवेल गुपचूप उचलला जातो.

गाडी चालली होती. मधला काहीतरी बोलला, वाऱ्याने ते भलतीकडेच नेलं. "काय?" काटेवाल्यांनी विचारलं. भिंगरी टाकीवर बसून गाणं म्हणत होती, त्याचा नुसता गुंजारव येत होता.

हे 'काय' त्यांचं जुनं होतं. तेव्हा ते पुढून विचारायचे. मागे मायलेकांचं काहीतरी रंगात आलेलं असायचं, एकदम हसणं फुटायचं, पाठीला त्याचे हादरे बसायचे आणि हे ओरडायचे, काय? काय झालं? "काही नाही, तुम्ही समोर बघा." मग समोर बघायचं. खड्डे, बैल, ट्रकचं मागचं फळकूट. नाकासमोर बघून गाडी चालवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. सगळं घर आपल्या पाठीला चिकटलंय, आपल्या अंगाला धरून बसलंय, आणि आपल्याला एकाचंही तोंड दिसत नाही... तेव्हा फार एकटं वाटायचं. कुणाला सांगणार. बायकापोरं घेऊन फिरायला निघालेल्या माणसाने एकटं वाटतं म्हणावं, तर लोक वेड्यात काढतील. ती असती तर तीही हसली असती. नाही, हसली नसती. तिला सांगायला हवं होतं.

पेट्रोल पंपावर सगळे उतरले. टाकीचं झाकण भिंगरीच्या खाली, तेव्हा उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतंच. मधल्याने पेट्रोल भरलं, मागे रांग लागली होती म्हणून गाडी ढकलत थोडी पुढे नेली, भिंगरीला उचलून टाकीवर ठेवलं, बसला, गाडी चालू केली. काटेवाल्यांनी नेहमीसारखा खांद्याचा आधार घेतला, डावा पाय त्या लोखंडावर ठेवून अंगाचा भार टाकला, गाडी दबली, आणि ऐन वेळी चप्पल पायातून सुटली. लोखंड गुळगुळीत, चप्पल जुनी. ते खाली उतरले. वाकले. चप्पल पालथी पडली होती, ती सरळ करून पाय घालेपर्यंत गाडीचा आवाज पुढे गेला. त्यांना वाटलं, आणखी थोडी पुढे घेतोय. मान वर केली तर मधल्याची निळी पाठ वळणावरून मोठ्या रस्त्याला लागत होती.

"अरे," ते म्हणाले. ओरडले नाहीत. का ओरडलो नाही? तोंडातून एवढंच आलं, तेही स्वतःला सांगितल्यासारखं.

आधी हसूच आलं. मग हसू ओसरलं. काळा चष्मा लावलेला म्हातारा पंपाच्या मधोमध उभा, सगळे वळसा घालून जातायत. हवा भरणारा माणूस, चांगला मिशाळ, पन्नाशीचा, त्याने येऊन त्यांना दंडाला धरून आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. त्याला ते आंधळे वाटले असावेत.

"कुणी न्यायला येणारे का, काका?"

"मुलगा आहे. पुढे गेलाय."

"तुम्हाला सोडून?"

काटेवाल्यांनी खिसे चाचपले. त्यांचा फोन दवाखान्याच्या पिशवीत आणि पिशवी गाडीच्या हँडलला. त्या माणसाने खिशातून स्वतःचा फोन काढला. "नंबर सांगा, लावून देतो."

नंबर जिभेवर होता. झोपेत विचारला असता तरी सांगितला असता. "पाठ नाही," काटेवाले म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. या वयात हे काय चालवलंय मी? पोराची परीक्षा घेतोय? पण हो, घेतोय. कळू दे की मला एकदा. कुठवर गेल्यावर कळतं ते. चौकात? घराच्या दारात? की सूनबाई दार उघडून विचारतील, बाबा कुठे... आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. म्हणजे संध्याकाळी त्या डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं ते ठरवणं सोपं जाईल. अख्खं माणूस मागून उतरतं आणि पुढच्याला पत्ता नाही? मला तर नुसतं तिने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतलेली कळायची. मधला पेंगायला लागला की पाठीला कपाळ टेकायचं, आणि मी वेग कमी करायचो.

मोटारी येत होत्या, जात होत्या. प्रत्येक मोटारसायकलचा आवाज आपल्याच गाडीचा वाटायचा आणि नसायचा. हवा भरणाऱ्याने पाणी आणून दिलं. पुन्हा काही विचारलं नाही, हे बरं केलं त्याने.

मग कुठून तरी काटा आठवला. काही ड्रायव्हर घाईत ट्रक अर्धवट चढवायचे, मागचं एक चाक लोखंडी पत्र्याच्या बाहेर, आणि वर म्हणायचे, बघा ना काटेवाले, आकडा तर आला. आकडा यायचाच. काटा बिचारा जेवढं वर आलं तेवढं सांगतो, तो काही खोटं बोलत नाही. तेव्हा खिडकीतून डोकं काढून ते ओरडायचे — पूर्ण वर घे, नाहीतर खाली उतर... गाडी दबली होती. मीच दाबली होती. पोराला वाटलं, बसले बाबा.

त्यांनी पुन्हा रस्त्याकडे बघितलं आणि नकळत मनातल्या मनात हजेरी घेतली. टाकी. मधला. मागची. आणि चौथं? चौथं नावच नव्हतं. इतकी वर्षं रोज हजेरी झाली, पण पुढे बसलेल्याला कुणी पुकारलं नाही. गाडी चालतेय म्हणजे तो असणारच. आता तिथे मधला बसतो. त्याला तरी कोण पुकारतं? सकाळपासून तो काहीतरी बोलायला बघतोय, आणि मी त्याच्या पाठीमागे बसून 'असाल तर' चघळतोय. हे मनात आलं तसं त्यांना एकदम भडभडून आलं. चष्म्याखाली बोट घालायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. ते तसेच बसून राहिले.

गाडी आली ती उलट्या बाजूने, ढकलत. मधल्याने हेल्मेट काढून कोपरात अडकवलं होतं, कपाळावर केस चिकटलेले. भिंगरी टाकीवर घट्ट बसलेली. काटेवाले खुर्चीतून उठले.

"बाबा, अहो... उतरलात कधी तुम्ही?"

"बसलोच नव्हतो. चप्पल सुटली."

"मी सांगत होते पप्पांना," भिंगरी म्हणाली. "आरशात आबा नाहीत म्हणून. त्यांना ऐकूच येत नाही."

मधल्याने घाम पुसला. हवा भरणाऱ्याकडे बघून ओशाळं हसला, मग हसू तसंच ठेवून खाली बघत म्हणाला, "मी तुमच्याशी बोलत होतो. सकाळी नीट बोलता आलं नाही ना, म्हणून. बराच वेळ बोललो. तुम्ही काही बोलेनात, म्हटलं रागावले. मग मागे हात केला तर..."

हात कसा मागे केला ते त्याने दाखवलं. रिकाम्या सीटवर पालथा तळवा.

"काय म्हणत होतास?" काटेवाल्यांनी विचारलं.

"काही नाही. घरी बोलू."

तो रिकाम्या जागेला काय काय बोलला असेल, ते आता पुन्हा तसंच्या तसं कधी ऐकायला मिळायचं नाही, घरी तर नाहीच. घरी सगळे हळू आवाजात बोलतात. तेवढ्या रस्त्यात तो आपल्याशी मोठ्याने बोलत होता, आणि आपण इथे खुर्चीवर बसून त्याच्या चुका मोजत होतो.

मधल्याने गाडी वळवली, चालू केली. हेल्मेट घातलं नाही, हँडलला पिशवीशेजारी अडकवलं. काटेवाल्यांनी चप्पल आधी नीट घट्ट केली. डावा पाय झिजलेल्या लोखंडावर, उजवा कोऱ्या रबरावर. नीट बसले. उजवा हात पोराच्या खांद्यावर ठेवला. खांदा गरम होता.

मधल्याने मान वळवली नाही. "बाबा?" एवढंच म्हणाला.

काय म्हणायचं ते काटेवाल्यांना ठाऊक होतं. शब्द एकच, पण तो आजवर त्यांनी कधी म्हटला नव्हता. तो मागून यायचा, तिच्या तोंडून. तो तोंडात आला, आणि त्याच्याबरोबर ती, तिचा पाट, दिवाणाखालची बॅग, संध्याकाळी दार वाजवणाऱ्या डॉक्टरीणबाई, सगळंच आलं. त्यांनी तोंड उघडलं.

मागच्या मोटारवाल्याने हॉर्न दिला, मग जोरात दिला. भिंगरी आरशात त्यांच्याकडे बघत होती. मधल्याने क्लच सोडला नाही.