बुटात ठेवलेला पंप

मी एक जुनी तपकिरी सुटकेस आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या बॅगांना चाकं असतात आणि त्या माणसांच्या मागे कुत्र्याच्या पिल्लासारख्या धावतात. मला चाकं नाहीत. मला उचलावं लागतं, आणि उचलणारा दोन-चार नावं ठेवतोच. जाड पुठ्ठ्यावर रेक्झिन ताणून आणि कोपऱ्यांना पत्रा ठोकून मला बनवलं. दुकानाच्या फळीवर मी फार दिवस राहिले नाही. लग्न ठरलेल्या एका शिंप्याने मला घरी आणलं.

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत शिकवत मात्र त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई. बाईंच्या सगळं लक्षात राहायचं, पण साध्या रुमालाची घडी त्यांना धड जमायची नाही. मास्तर विसरभोळे, पण हाताला अशी शिस्त की कपड्याला सुरकुती पडायची बिशाद नव्हती. त्यामुळे घरात रीतच पडली. काय न्यायचं ते बाईंनी पलंगावर मांडायचं आणि मास्तरांनी ते माझ्यात भरायचं. मध्ये कोणी कोणाला काही विचारायचं नाही. लग्नकार्यांना, मुलीच्या बाळंतपणाला मी अशीच गेले. बॅग भरावी तर मास्तरांनी, असं पाहुणे म्हणत, आणि ते कौतुक मी माझंच समजत असे.

पुढे मास्तरांचे गुडघे आणि बाईंचा दमा यांनी प्रवास थांबवले. मी माळ्यावर गेले आणि पोटभर धूळ खाल्ली.

मग बाई निवृत्त झाल्या आणि मुलीने दोघांसाठी मोठ्या जहाजावरची सहल ठरवली. ती फोनवर समजावत राही. बंदरावर वेळेच्या बऱ्याच आधी पोचा, जहाज कुणासाठी थांबत नाही. खोली काडेपेटीएवढी असते, तेव्हा पलंगाखाली मावेल तेवढीच बॅग न्या. मळमळीची गोळी जहाज सुटण्याआधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन काय उपयोग? आणि दिवसभर एकमेकांना चिकटून बसू नका, नाहीतर भांडून परत याल. यावर दोघंही हसली. एक गोष्ट मात्र तिने पुन्हा पुन्हा बजावली. मोठी बॅग धक्क्यावरच काढून घेतात, ती संध्याकाळी खोलीत येते, म्हणून औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पर्समध्येच ठेवा. बाई हो हो म्हणाल्या. मास्तर तेव्हा माझ्या कड्यांना तेल घालत होते.

निघायच्या सकाळी बाईंनी दम्याचा पंप पलंगावर पर्सशेजारी ठेवला आणि त्या गॅस बंद आहे का ते बघायला गेल्या. तेवढ्यात मास्तर आले. एखादी वस्तू उघडी पडलेली त्यांना बघवत नसे. त्यांनी पंप मोज्यात घातला, मोजा बुटात घातला आणि बूट माझ्या कोपऱ्यात असा बसवला की हलायचं नाव नको. बाई परत आल्या. पलंगावर नुसती पर्स दिसली तेव्हा त्यांना वाटलं, पंप आपणच तिच्यात टाकला. मला सगळं ठाऊक होतं, पण मित्रांनो, सुटकेसला बोलता कुठे येतं?

धक्क्यावर हमालाने माझ्या मुठीला चिठ्ठी अडकवली आणि मला सरकत्या पट्ट्यावर ठेवलं. तिथून जहाजाचा जिना दिसत होता. बाई अर्ध्या जिन्यावर धाप लागून थांबल्या. त्यांनी पर्स चाचपली, मग तिथेच पायरीवर उपडी केली. मास्तरांना बुटातला पंप आठवला. गुडघ्यांची पर्वा न करता ते खाली धावत आले आणि माझी बॅग द्या, माझी बॅग द्या, असं ज्याला त्याला सांगत सुटले. तोवर पट्ट्याने मला आत ओढून नेलं होतं. चकचकीत बॅगांच्या ढिगात मी पडून राहिले. बाईंना लागणारी वस्तू माझ्याच पोटात होती आणि वर त्यांचं काय झालं हे कळायला मला मार्ग नव्हता. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

संध्याकाळी मला खोलीत आणून ठेवलं. बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या, थकलेल्या, पण ठीक. जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंनी वेळेवर उपचार केले होते. मास्तरांनी मला उघडलं, बूट काढला, मोजा उलटा केला. पंप बाईंच्या हातात देताना त्यांनी मान खाली घातली.

"अहो, चुकलं माझंच. मी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"ते नाही गं," मास्तर म्हणाले. "त्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, यांना कोणतं औषध चालू आहे? तुला तर बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, निळा पंप आहे. बस, एवढंच. तुझ्या एकेका कपड्याचं माप मला तोंडपाठ आहे, आणि तुझ्या औषधाचं नाव मला माहीत नाही."

बाईंनी औषधाचं नाव सांगितलं. मास्तरांनी ते चुकीचं म्हटलं. वर्गात म्हणवून घेत तसं बाईंनी ते पुन्हा म्हणवून घेतलं. त्या सहलीत दोघांनी समुद्र किती पाहिला कोण जाणे, पण ही शिकवणी रोज चालली.

घरी आल्यावर मास्तरांनी आपल्या सगळ्या सदऱ्यांना आतून पंपाच्या मापाचा एक छोटा खिसा शिवला. मी पुन्हा माळ्यावर आले. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण ज्याच्या सोबतीने घराबाहेर पडाल त्याला काय लागतं, हे त्याच्याच तोंडून ऐकून घ्या आणि ते लक्षात ठेवा. माळ्यावरून मला घराचं दार दिसतं. नुसती भाजी आणायला निघाल्या तरी बाई उंबऱ्यात थांबतात आणि मास्तरांकडे बघतात. मास्तर त्या खिशावर हात ठेवतात आणि औषधाचं ते अवघड नाव, एकही अक्षर न चुकता, म्हणून दाखवतात.