काचेबाहेरच्या चार ओळी

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला, पोस्टमास्तरांच्या एका गालावर साबण आणि दुसरा गाल गुळगुळीत अशा अवस्थेत दुकानातलं मशीन आंधळं झालं. आवाज चालू होता. धप्प धप्प ठोके पडत होते, मधूनच गोळी सुटल्याची चिरचिर ऐकू येत होती, पण काच काळीठिक्कर. खेळत होते शेजारच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर. त्यांनी बटण दोनदा दाबलं, काचेवर टिचकी मारली आणि विचारलं, "कप्तान, मी मेलो की मशीन मेलं?"

"डॉक्टर, तुम्ही रोजच मरता," पोस्टमास्तर साबणातून बोलले. "मशीनचं बघा."

कप्तानांचा वस्तरा हवेतच थांबला.

कप्तानांनी आयुष्यात कुठलं जहाज चालवलं नव्हतं. ते केस कापत आणि दाढ्या करत. पण त्यांच्या दुकानात, जिथे इतर लोक बाकडं आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवतात तिथे, माणसाच्या उंचीचं एक लाकडी कपाट उभं होतं. त्यात अंतराळातल्या लढाईचा खेळ. नऊ वर्षांपूर्वी एक करमणूक केंद्र बंद पडलं, तेव्हा कप्तानांनी ते हातगाडीवरून आणलं होतं. त्यातलं चित्र टीव्हीसारखं नव्हतं. पाटीवर पेन्सिलीने रेघ ओढावी तशी प्रकाशाची एक ठिणगी काळ्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघा ओढत धावायची. आपलं जहाज म्हणजे तीन रेघांचा त्रिकोण, शत्रू म्हणजे गोल चक्रं, गोळी म्हणजे नुसता ठिपका. खेळ संपला की दहा उत्तम खेळाडूंची यादी यायची, प्रत्येकाच्या गुणांपुढे नावाची तीन अक्षरं.

मशीनच्या वर, आरशाच्या रेषेत, कप्तानांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'यादीत जो पहिला, तोच कप्तान. बाकी सगळे खलाशी.' पाटी लागली त्या आठवड्यापासून कप्तान तेच होते. दुकानातल्या रेडिओवर काय लावायचं, तेही कप्तानच ठरवत. गल्लीत त्यांचं खरं नाव विचारलं तर चार घरं शोधावी लागली असती.

मशीन कधीच बंद करत नसत. वीज गेली की यादी पुसली जाते, हे पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळलं होतं. म्हणून दवाखान्याच्या इन्व्हर्टरवरून एक वायर भिंतीतून इकडे आली होती आणि त्याबदल्यात डॉक्टरांची दाढी नऊ वर्षं फुकट होत होती.

इथवरचं सगळ्यांना माहीत होतं. पुढचं फक्त कप्तानांना.

पाच वर्षांपूर्वी एका शुक्रवारी सकाळी त्यांनी दुकान उघडलं, तेव्हा यादीत त्यांच्या वर एक ओळ होती. गुण त्यांच्यापेक्षा तीन हजारांनी जास्त. अक्षरं त्यांच्या बायकोच्या नावाची. गुरुवारी दुकान बंद असे, कप्तान सामान आणायला बाजारात जात आणि ती आरसे पुसायला वरच्या घरातून खाली येई. आरसे पुसून झाल्यावर ती काय करत असेल, असा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.

ते बायकोला काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही. कप्तानांनी कपाटाचं मागचं दार उघडलं. आत हिरव्या बोर्डावर एक बारीक स्क्रू होता. तो फिरवला की चित्र वर-खाली ताणलं जाई. त्यांनी तो ताणला, इतका की यादीची पहिली ओळ काचेच्या वरच्या कडेबाहेर गेली. काचेवर जी दिसत होती ती दुसरी, म्हणजे त्यांचीच. मग दार लावून त्यांनी हात धुतले.

पुढच्या चार वर्षांत बायकोने स्वतःचाच उच्चांक तीन वेळा मोडला आणि कप्तानांनी स्क्रू तीन वेळा फिरवला. जहाजाचा त्रिकोण ताणून ताणून दाभणासारखा झाला, चक्रांची अंडी झाली. निम्मे शत्रू काचेबाहेरच्या अंधारातून यायचे आणि गिऱ्हाइकं दिसेल न दिसेल त्याला मरायची. "वयच झालं आता मशीनचं," कप्तान मान हलवून म्हणत.

तर त्या सोमवारी काच काळी झाली आणि कप्तानांनी भाचीला फोन केला.

भाची तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायची. बोलायची कमी आणि काम पुरं झाल्याशिवाय त्याबद्दल बोलायचीच नाही. दुपारी ती आली, पिशवी खुर्चीवर ठेवली, कपाटामागे वाकली आणि म्हणाली, "लाल दिवा लागलाय."

"म्हणजे गंभीर आहे?" कप्तानांनी विचारलं.

"म्हणजे शहाणं आहे. ठिणगी हलायची थांबली की एकाच जागी जळत राहते, काचेला कायमचा डाग पडतो. म्हणून मशीन आपणहून ती विझवतं." तिने मीटरच्या दोन सुया आत कुठेतरी टेकवल्या. "ठिणगीला आडवं हलवणारा भाग ठीक आहे. उभं हलवणारा जळलाय. मामा, हा स्क्रू कुणी फिरवला?"

"कुठला स्क्रू?"

"उंचीचा. जवळजवळ शेवटपर्यंत गेलाय. चित्र इतकं ताणलं तर त्या बिचाऱ्याला दिवसरात्र ओव्हरटाइम. जळणार नाही तर काय होणार?"

"उंदीर असतील," कप्तान म्हणाले.

भाचीने मान वर काढली. "स्क्रूड्रायव्हर घेऊन?"

खुर्चीतले पोस्टमास्तर आरशातून दोघांकडे बघत होते. त्यांची दाढी सकाळीच झाली होती, पण ते अजून उठले नव्हते.

"फिरला असेल आपोआप," कप्तानांनी विषय मोडला. "तू फक्त जळलेलं बदल. चित्र आहे तसं राहू दे. लोकांना सवय झालीय."

"नाही. चित्राची चौकट काचेत नीट बसवल्याशिवाय मी हे चालू करणार नाही. आठ दिवसांत पुन्हा जळेल."

कप्तानांनी पुसलेला वस्तरा पुन्हा पुसायला घेतला. चौकट नीट बसवायची म्हणजे दहाच्या दहा ओळी काचेत येणार. चार ओळी बायकोच्या आणि पाचवी त्यांची. पोस्टमास्तरांच्या समोर. पोस्टमास्तरांना कळलेली गोष्ट पत्रापेक्षा लवकर पोचते, हे सगळी गल्ली जाणून होती.

भाची बराच वेळ आत खुडबुड करत राहिली. मध्येच हात बाहेर आला. "मामा, ट्रिमरमधले तीन सेल दे. ट्रिमर आज वायरवर चालव."

"कशाला?"

"लागतात."

कप्तानांनी दिले. दुसऱ्या वेळी त्यांनी खोदून विचारलं असतं, पण त्यांचं डोकं त्या स्क्रूभोवती फिरत होतं. थोड्या वेळाने भाचीने दार टेकवलं, "सुटा भाग घेऊन तासाभरात येते" म्हणून सांगितलं आणि गेली. पोस्टमास्तर जेवायला गेले. डॉक्टर कुणाचा तरी दात काढत होते, ते भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

दुकानात कप्तान आणि आंधळं मशीन, दोघंच.

त्यांनी हिशेब मांडला. यादी दिसली तर कप्तानपद जाणार आणि हसं होणार. यादी पुसली गेली तर कप्तानपद जाणार, पण हळहळ होणार. नऊ वर्षांचा विक्रम वीज गेल्यामुळे गेला, मग लोक खांद्यावर हात ठेवतील. आणि कोऱ्या यादीत पहिलं नाव टाकायला त्यांना गुरुवारच्या आधी दोन दिवस मोकळे होते.

ते ओणवे झाले आणि त्यांनी प्लग खेचला.

धप्प धप्प थांबलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा दुकानात घड्याळाची टिकटिक ऐकू आली. कप्तानांना क्षणभर खरोखरच भरून आलं, आणि ते त्यांच्या पथ्यावर पडलं, कारण दारात पोस्टमास्तर उभे होते.

"पाय अडकला," कप्तान प्लग हातात धरून म्हणाले. "गेलं सगळं."

पोस्टमास्तरांनी टोपी काढली. डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आले. बायकोही वरून खाली आली, शिवणाची मोजपट्टी गळ्यात तशीच. तिने प्लगकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पायांकडे बघितलं आणि बाकावर बसली.

"कप्तान, मन घट्ट करा," डॉक्टर म्हणाले. "तुमचे गुण आम्हाला तोंडपाठ आहेत. पाटीवर लिहून ठेवू."

"नको, नको," कप्तान म्हणाले. "नियम तो नियम. यादी कोरी, तर कप्तान कुणीच नाही. उद्यापासून सगळे नव्याने खेळू."

हे ऐकून पोस्टमास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला. एवढ्यात भाची आली. तिने बाहेर पडलेला प्लग पाहिला, "बरं झालं, बंदच करायचं होतं," एवढंच म्हणाली आणि कपाटामागे गेली. अर्ध्या तासाने तिने स्क्रूड्रायव्हर हळूहळू फिरवला, पट्टीने काहीतरी मोजलं आणि प्लग लावला. काच उजळली. त्रिकोण त्रिकोणासारखा, चक्रं चक्रांसारखी.

"आता यादी बघू," भाची म्हणाली.

"कोरी असेल," कप्तान हळहळले.

"नाही रे. यादी ठेवणाऱ्या चिपला स्वतःची बॅटरी असते. या मशीनची कधीच गंजून गेली होती, कुणी बदलली नाही, म्हणून वीज गेली की यादी जायची. मी जाण्याआधीच ते तीन सेल तिथे जोडले." ती कपाटामागून बाहेर आली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. "म्हटलं, मामाचा विक्रम आहे. जायला नको."

काचेवर रेघांची अक्षरं उमटली. दहा ओळी, वरपासून खालपर्यंत, कडांपासून सारख्या अंतरावर.

पोस्टमास्तरांनी चष्मा लावून त्या वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. डॉक्टरांनी बोट ठेवून मोजल्या. "एक, दोन, तीन, चार. आणि पाचवे हे."

"हे उंदीर," भाची हळूच म्हणाली.

कप्तानांनी बायकोकडे बघायचं टाळायला आरशाकडे बघितलं. दुर्दैवाने आरशातही तीच होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी आरशालाच विचारलं.

"अहो, मी उच्चांक मोडला की पुढच्या आठवड्यात चित्र आणखी लांबलेलं असायचं," ती म्हणाली. "मला तेवढं पुरे होतं. तुम्ही पाहिलंत, हे कळायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? शेवटचा डाव तर मी निम्मी चक्रं न बघता खेळलेय. नुसत्या अंदाजाने. तुमच्या कृपेने."

डॉक्टर भिंतीला टेकून हसत होते, हातमोज्याने डोळे पुसत. पोस्टमास्तर मात्र गंभीर होते. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, पाटीवरचं वाक्य मोठ्याने वाचलं, प्रत्येक शब्द सुटा करून. मग ते बाकाकडे वळले, थोडे वाकले आणि म्हणाले, "कप्तान, रेडिओवर काय लावू?"

"आधी चहा," ती म्हणाली आणि उठून मशीनसमोर उभी राहिली. "आज पहिल्यांदा सगळं दिसतंय. बघू किती होतात."

"साखर किती घालू?" कप्तानांच्या नवऱ्याने विचारलं.