आसराईची पायरी

मृगाच्या तोंडावर ज्या घरातला कर्ता माणूस खाटेवर पडतो, त्या घरात काय चालतं ते कोणाला सांगायला नको. बैल दावणीला हंबरतात, पेरायची तिफण भिंतीला टेकून उभी राहते आणि घरची बाई समोर येईल त्याच्यावर डाफरत सुटते. रुखमाबाईच्या घरी हे दरसाल चालायचं. तिच्याच काय, निम्म्या गावात चालायचं. गाव अमडापूरच्या पलीकडचं. नाव सांगत नाही. तिथली पोरं आता शिकलीसवरली आहेत, उगाच त्यांच्या सोयरिकीत खोडा नको!

रोग होता नारूचा. आधी पायाची आग आग व्हायची, मग फोड यायचा, आणि तो फुटला की आतून पांढऱ्या सुतासारखा लांबच लांब किडा डोकं काढायचा. रुखमाबाईचा नवरा मोतीराम याच्या पायातला नारू कोणीतरी हिसका देऊन ओढला, तो आतच तुटला, पाय सडला आणि गुडघा जो आखडला तो कायमचा. तेव्हापासून सगळी शेती एकुलत्या एक इंद्रभानच्या अंगावर आली होती. आणि यंदा नेमका इंद्रभानचाच घोटा सुजून टरारला.

"वो माय! याचाबी पाय गेला तं तिफण कोण धरीन? मी?" रुखमाबाई कपाळावर हात मारून म्हणाली.

"रडून काय व्हते? शुक्रवारी त्याले आसराईच्या पायरीवर ने," मोतीराम खाटेवरून म्हणाला.

गावाची पाण्याची सोय म्हणजे एकच बारव, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची विहीर. अगदी खालच्या पायरीवर शेंदूर फासलेले सात दगड, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. नारूचा फोड फुटायला आला की माणसाला तिथं बसवायचं, दहीभात ठेवायचा आणि दुखरा पाय पाण्यात सोडायचा. थोड्या वेळाने पायापासून पाण्यात पांढरी धार पसरायची. 'आसराईचं दूध उतरलं' म्हणत बायका हात जोडायच्या. आग थंड व्हायची. मग महिनाभर घरच्या सगळ्यांनी त्याच पायरीचं पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. आणि तीर्थ कधी कोणी गाळतं का हो?

आता गोष्ट अशी, की एवढं सगळं देवीचं करूनही रुखमाबाईच्या घरातून नारू हटत नव्हता, आणि भिंतीपलीकडे तिच्या धाकट्या जावेच्या, शालूबाईच्या घरात मात्र तो फिरकतही नव्हता. बारव तीच, वावराचा बांध तोच, एकाच सासूच्या हाताखाली दोघी नांदलेल्या, धाकटी थोरलीला मानाने 'बाई' म्हणायची. तरी शालूबाईचा नवरा कडूबा ठणठणीत आणि तिची पोरंही टुणटुणीत. बरं, शालूबाई आसराईला नैवेद्यसुद्धा दाखवत नव्हती! तिचं माहेर मेहकराकडचं, महानुभाव पंथाचं. आपल्या कृष्णाशिवाय दुसऱ्या कोणापुढे हात जोडायचा नाही, अशी शिस्त. देवीला न भजणारी सुखात, आणि भजणारी दुःखात? रुखमाबाईच्या मनात पाल चुकचुकली. संशयाला एकदा ओसरीवर बसू दिलं की तो घरजावई होऊन बसतो. शालू हसली तरी संशय, नाही हसली तरी संशय. तिने पोरासाठी वाटीभर कढी पाठवली, तर रुखमाबाईने ती गुपचूप उकिरड्यावर ओतली.

त्यातच गावात जीप आली. नागपूरकडच्या कुठल्याशा संस्थेत संशोधन करणारे पिंपळखुटे नावाचे डॉक्टर शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम ठोकून बसले. महाराष्ट्र होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. सरकारी माणूस म्हटलं की लोक दारं लोटून घेत. त्यात हा गडी बारवेचं पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागला, घरोघरी पाय दाखवा म्हणू लागला. झालं! चावडीवर कुजबुज सुरू झाली.

"विहिरीत औषध टाकून राह्यला थो. बायाईले लेकरंच नाई होत त्यानं."

"त्याले पायऱ्या बुजवाच्या हायेत म्हन्तात. काऊन? खाली धन असन!"

रुखमाबाईने तर त्याला अंगणातूनच परत पाठवलं. "माह्या पोराच्या पायाले हात लावसान तं पाहा!" ती म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. "फोड फुटेल तेव्हा पाय बारवेत घालू नका, एवढंच ऐका," म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी सकाळी रुखमाबाई दहीभाताची तयारी करायला पाणी आणायला निघाली, तर पुढे शालूबाई. रुखमाबाई मुद्दाम मागे राहिली आणि कठड्याआडून पाहू लागली. शालूबाईने घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड बांधलं आणि वरून तांब्याने पाणी ओतलं. घागर भरल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं, कापड सोडलं, उलटं केलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि त्या कापडावर पाणी घालून ते धुवण बारवेत सोडलं!

रुखमाबाई कठड्याआडून पुढे सरसावली. सापडली! इतकी वर्षं आपल्या घरात रोग येतो कुठून, ते सापडलं!

"थांब! थांब तथीच! धावा वो, धावा! चेटकिनीले पकडलं! पान्यात करणी सोडून राह्यली भवानी!"

हां हां म्हणता गाव जमलं. कोणी शालूबाईची घागर लाथाडायला धावलं, कोणी म्हणालं हिला आत्ताच्या आत्ता मेहकराच्या वाटेला लावा. कडूबा आडवा आला तर त्यालाच ढकललं. शालूबाई घागर छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"बाई, मी तुमची धाकली जाऊ वो," ती म्हणाली. "माह्या माहेरी पानी गाळल्याबिगर पेत नाईत. कापडावर जे जीव राह्यते ते ज्या पान्याचे त्याच पान्यात सोडाचे, नाव घेऊन. हे माह्या मायनं शिकवलं. करणी मले ठाऊक नाई."

"खोटं हाय! सारं खोटं!"

"खोटं की खरं ते पाहू ना!" मागून आवाज आला. डॉक्टर पिंपळखुटे गर्दी सारत पुढे आले. "बाई, तुम्हाला संशय आला ना? घ्या की संशय! आम्ही दुसरं काय करतो? पण संशय आला की आम्ही तो तपासतो. तुम्ही तर न तपासताच माणसाच्या माथी मारायला निघालात! शालूबाई, पुन्हा एक घागर गाळा सगळ्यांसमोर."

शालूबाईने गाळली. डॉक्टरांनी कापड काचेच्या ग्लासात धुतलं आणि हातात भिंग देऊन रुखमाबाईला पुढे बोलावलं. तिने एक डोळा मिटून पाहिलं. राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक काहीतरी पाण्यात टणाटण उड्या मारत होतं.

"हेच! हेच थे! हेच टाकलं ना हिनं!"

"टाकलं नाही, बाई. पाण्यातून काढलं. आता तुमची घागर न गाळता भरून आणा."

रुखमाबाईच्या घागरीत तेच जीव टणाटण उडत होते. शालूबाईच्या गाळलेल्या घागरीत एकही नव्हता. लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. पण रुखमाबाई कसली बधते!

"तुमच्या काचेतच काईतरी जादू हाय," ती म्हणाली.

"शाबास! मग काच तुम्हीच घासा."

तिने डॉक्टरांचा ग्लास हिसकावून घेतला, राखेने खसाखसा घासला, तीन पाण्यांनी धुतला आणि पाणी भरलं तेही शालूच्या घागरीतलं, ज्यात काही नाही हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "आता दाखवा काय दाखवता थे!"

डॉक्टरांनी इंद्रभानला आणवलं. दोघांच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर लंगडत तो आला. पायरीवर बसताच त्याने आगीने कळवळून पाय बारवेकडे नेला. डॉक्टरांनी तो वरच्यावर धरला. "या पाण्यात नाही बाळा. यात." त्यांनी फोडाला ग्लास लावला आणि हळूच पाणी भिडवलं.

क्षणभर काही झालं नाही. मग फोडातून पांढरी धार सुटली आणि ग्लासातलं पाणी दुधाळ झालं.

"दूध! आसराईचं दूध!" बायकांनी हात जोडले. "माय पावली वो!" रुखमाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

डॉक्टरांनी त्यातला एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, पेटीतलं सूक्ष्मदर्शक यंत्र काढून त्याखाली ठेवला आणि म्हणाले, "रुखमाबाई, पाहा तुमच्या आसराईचं दूध."

तिने वाकून पाहिलं. आणि पाहतच राहिली. सुतासारखी बारीक बारीक पिल्लं वळवळत होती, एकावर एक, मोजता येणार नाहीत इतकी!

"अगं माय! हे तं... हे तं नारूच हायेत!"

"नारूची पिल्लं," डॉक्टर म्हणाले. "पाय पाण्यात घातला की ती बाहेर पडतात. मघाचे ते उड्या मारणारे जीव त्यांना गिळतात. पंधरा-वीस दिवसांनी ते जीव पाण्याबरोबर तुमच्या पोटात जातात. आत वर्षभर नारू वाढतो, आणि पुढच्या पेरणीला पायातून बाहेर येतो. म्हणून तर तुमच्या गावात सगळे एकाच वेळी आजारी पडतात! तुम्ही ज्याला उपाय म्हणता, तोच रोगाचा रस्ता आहे. शालूबाईच्या घरी नारू का नाही, ते आता मी सांगायला हवं का?"

 रुखमाबाईच्या मनात मागचं साल उभं राहिलं. मोतीरामच्या दुसऱ्या पायाला नारू आला, तेव्हा याच पायरीवर तिनेच त्याला बसवलं होतं. दूध उतरलं म्हणून तिनेच पेढे वाटले होते. आणि महिनाभर इथलंच पाणी तिने पोराला स्वतःच्या हाताने पाजलं होतं. "माय, गाळून तरी दे ना वो," इंद्रभान म्हणाला होता, आणि तिने दटावलं होतं, "तीर्थाले नावं ठेवू नोको!"

"मीच पाजलं," ती पुटपुटली. मग एकदम हंबरडा फोडून ओरडली, "अरे, मीच पाजलं रे माह्या लेकराले!" आणि मटकन खाली बसली.

तिला सावरायला कोण पुढे आलं असेल? घागर बाजूला ठेवून शालूबाईच आली. रुखमाबाईने तिचे पाय धरायला हात पुढे केले, तर तिने ते वरच्यावर धरले.

"पाय नोका धरू, बाई," ती म्हणाली. "पन आज साऱ्या गावापुढं तुमी मले जे म्हटलं थे मी लवकर नाई इसरणार. पानी गाळता येते, तोंडातून गेलेला शब्द नाई गाळता येत."

खरं होतं ते! रुखमाबाई मान खाली घालून रडत राहिली.

डॉक्टरांनी इंद्रभानच्या पायातला नारू ओढला नाही. स्वच्छ काडीला त्याचं टोक गुंडाळून, रोज बोटभर सोडवत, पट्टी बदलत, त्यांनी तो सबंध बाहेर काढला. पेरणी थोडी मागे पडली, पण पाय वाचला. पण बारवेचा प्रश्न होताच. खालच्या पायऱ्या बुजवायच्या, वर उंच कठडा बांधायचा, गडगडी लावून दोरीने पाणी शेंदायचं आणि ते दुहेरी कापडाने गाळायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं. चावडीवर गाव जमलं, तर पाटील अर्जुनराव कचरले. "आसराई कोपली तं?"

तेव्हा रुखमाबाई उठली. "पाटील, आसराई माय हाय ना आपली? मंग लेकराच्या पायातली घाण लेकरालेच पाजा, असं कोनती माय सांगीन? घाण आपुन टाकली तिच्या अंगावर! तिले वर आना, कठड्यापाशी चांगल्या जागी बसवा. अन् कोपली तं माह्यावर कोपू द्या!" एवढं बोलून तिने पदर खोचला आणि पहिली पाटी दगड स्वतः डोक्यावर उचलली. मागून शालूबाई आली. तिच्याही रीतीला डॉक्टरांनी मुरड घालायला सांगितली होती. कापडावरचे जीव आता पाण्यात परत सोडायचे नाहीत. तिला ते जड गेलं. दोन दिवस ती जेवली नाही. पण ती रीत मोडली तिने.

डॉक्टर जाताना बजावून गेले, "ज्यांच्या पोटात तो आधीच आहे, त्यांना पुढच्या साली निघेलच. तेव्हा मला शिव्या देऊ नका. वर्षभर धीर धरा." आणि तसंच झालं! पुढच्या मृगाला चार-सहा घरांत नारू निघालाच. लगेच जुन्या जिभा वळवळल्या. एक शेजारीण रुखमाबाईच्या कानाशी लागली, "कोपऱ्यावरच्या घरातल्या नव्या सुनेचा पायगुन चांगला नाई म्हन्तात. पाहा, ती आली अन्..."

रुखमाबाईने तिला बोलू दिलं नाही. हात धरून तिला तिच्याच घरी नेलं. तिची घागर उघडली आणि आत बोट दाखवलं. घागरीला कापड नव्हतं.

"सुनेचा पाय नंतर पाहाजो," ती म्हणाली. "पहिले हे पाह्य. गेल्या साली मीबी असंच बोलली होती एका बाईले. थे बाई आजबी मले बाईच म्हन्ते, पन पह्यल्यासारखी हासत नाई."

त्याच्या पुढच्या साली गावात एकही माणूस नारूने खाटेवर पडला नाही.

मंडळी, तुमच्या गावात रोग आला, विहीर बिघडली, लेकरं आजारी पडली, तर संशय जरूर घ्या. संशय वाईट नाही. पण तो आधी पाण्यावर घ्या, आपल्या रीतींवर घ्या, आणि डोळ्यांनी तपासा. शेजारच्या माणसावर घेऊ नका. पाणी वर्ष-दोन वर्षांत सुधारतं. दुखावलेलं मन मात्र जन्मभर भरून येत नाही!